तिसऱ्या पाइपाची वाळू

उमाजी वाळू भाजायला बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा बेंगळुरातल्या चामराजपेटच्या त्या गल्लीचा जणू कायदाच होता. घराच्या मागच्या अंगाला त्याची पत्र्याची शेड. तिथं भट्टीवर लोखंडाची थोरली कढई चढवायची, चाळलेली वाळू ओतायची आणि उलथनं घेऊन तासभर ती परतत राहायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका चेष्टा करायच्या, "उमाजीअण्णा, रवा खमंग भाजा हं! उप्पीट झालं की स्वल्प इकडंही पाठवा." उमाजी हूं की चूं करायचा नाही. वाळू तापली की आरशाचा एक फुटका तुकडा तिच्यावर धरायचा. आरसा वाफेने धुरकटला तर पुन्हा परतायला लागायचा. लख्ख राहिला तरच वाळू डब्यात भरायचा आणि वर घट्ट झाकण लावायचा.

आता वेल्डिंगवाल्याला वाळू कशाला, असं तुम्ही विचाराल. अहो, जाड लोखंडी पाइप नुसता तापवून वाकवायला गेलात तर वळणावर चपटा होतो, पोटात सुरकुती पडते. म्हणून आधी त्यात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, मग लाल करून वाकवायचा. वाळू त्याला आतून धरून ठेवते. पण तिच्यात पाण्याचा अंश राहिला तर भट्टीत त्याची वाफ होते, आणि वाट मिळेल तिकडून बाहेर फुटते. हे सगळं उमाजी वडिलांकडून, आप्पाजींकडून शिकला होता. तीस वर्षांत त्याच्या शेडमध्ये एकही गुट्टी उडाली नव्हती. एकसष्ट सालच्या दसऱ्याला उडाली.

व्यंकोजी त्याचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी लहान. आईवडील एका साथीत पाठोपाठ गेले, तेव्हा तो सात वर्षांचा. उमाजी आणि त्याची बायको अनुसूया, दोघांनी त्याला लेकरासारखा वाढवला; त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. व्यंकोजी मोठा होऊन बस डेपोत इंजिनाच्या कामावर लागला. हात सोन्याचा, आणि डोक्यात एकच वेड, वेगाचं. गावाबाहेरच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर हिवाळ्यात गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. तिथं साहेबलोकांच्या नव्याकोऱ्या गाड्या धावायच्या, आणि हा कुंपणाला चिकटून नुसता आवाज ऐकत उभा.

एक दिवस पठ्ठ्याने एक मोडकी मॉरिस मायनर ढकलत शेडमध्ये आणली. दोन महिन्यांनी रविवारच्या भंगाराच्या गुजरी बाजारातून गोणपाटात बांधून आणखी एक धूड घेऊन आला.

"अण्णा, ओळख बघू काय आहे?"

"जात्याचं भूत दिसतंय."

"टर्बो म्हणतात याला. मोडीत निघालेल्या बुलडोझरचा आहे. इंजिनातनं जो धूर वाया जातो ना, त्याच्या जोरावर आतली चक्की फिरते, आणि ती चक्की इंजिनाच्या तोंडात हवा कोंबते. दुप्पट हवा, दुप्पट ताकद! डेपोतली मंडळी हसताहेत. हसू देत."

"आणि हे धूड बसवणार कशावर?"

"तेच तर तुझं काम," व्यंकोजी म्हणाला आणि लहानपणी चिंच मागताना हसायचा तसा हसला.

काम अवघड होतं. मॉरिसच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण धूर सोडणारी तोंडं तीन. त्या तीन तोंडांना तीन पाइप जोडायचे, ते वळवून एका ठिकाणी आणायचे, आणि तिथं तो टर्बो टांगायचा. असा मॅनिफोल्ड बाजारात मिळत नाही. बेंगळुरात तो कुणी पाहिलासुद्धा नव्हता. पाइप लाल होईपर्यंत तापणार, त्यात टर्बोचं वजन, त्यात गाडीचे हादरे. उमाजीने आठ दिवस नुसता विचार केला. मग जाड वाफेचा पाइप आणला, जाड तारेचे तीन नमुने वाकवले, आणि भाद्रपद संपता संपता दोन पाइप तयार झाले. एकाही वळणावर सुरकुती नाही. व्यंकोजी त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाला, "अण्णा, हे दागिने आहेत रे!" उमाजी वरून रागावला, पण मनातून इतका सुखावला की त्या रात्री त्याला झोप येईना.

त्या वर्षी घरात एक मोठी उणीव होती. चैत्रात अनुसूया गेली होती. दर खंडेनवमीला शेडमधली पूजा तीच मांडायची. हातोडे, चिमटे, गॅसचा टॉर्च, ऐरण, सगळं धुऊनपुसून ओळीने ठेवायची, हळदकुंकू वाहायची. वाळूचा डबा मात्र ती आदल्या दिवशीच उचलून माळ्यावर ठेवायची. का ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याच्या धंद्याला तीस वर्षं जवळून पाहिलेली बाई ती.

यंदा पूजा व्यंकोजीच्या बायकोकडे आली. चंद्राबाई घटप्रभेकाठच्या गावची, लग्नाला तीन वर्षं झालेली. पोर मनाची निर्मळ आणि कामाला वाघ. थोरल्या जावेची, अक्कांची पूजा आपल्या हातून उणी पडू नये म्हणून तिने चार दिवस आधीपासून शेड झाडायला घेतली. तिच्या माहेरी नवमीला नदीची वाळू आणून तिच्यावर कलश मांडायची रीत. इथं बेंगळुरात नदी कुठली? शेडमध्ये तिला डब्यात स्वच्छ, चाळलेली, हळुवार वाळू सापडली. देवीनेच दिली म्हणायची! तिने झाकण काढलं, डबा मधोमध ठेवला, वाळूवर हळद-कापूर घातलेल्या पाण्याने भरलेला कलश मांडला, आंब्याची पानं लावली, कडेने उदबत्त्या खोवल्या, पुढ्यात कापूर पेटवला. उमाजी आला तेव्हा पूजा मांडून झाली होती. त्याने डबा पाहिला. क्षणभर चमकला. पण तिच्या तोंडावरचा आनंद पाहून त्याने हात जोडले आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळच्या मुहूर्तावर हत्याराला हात लावून कामाचा श्रीगणेशा करायचा ही आप्पाजींपासूनची चाल. व्यंकोजी पहाटेपासून मागे लागला होता, तिसरा पाइप आजच वाकवायचा. चंद्राबाईने कलश हलवला होता. डब्यातल्या वाळूवर त्याच्या बुडाचं गोल वर्तुळ आणि कुंकवाचे कण होते.

उमाजीने वाळूवर तळहात ठेवला. कोरडी लागली. तरी पुन्हा भाजावी, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, आलं होतं. पण जिच्यावर रात्रभर देवी बसली ती वाळू, तीही दसऱ्याच्या दिवशी, कढईत घालून आगीवर चढवायची? त्याचा हात धजेना.

"अण्णा, मुहूर्त टळेल!"

"आलो, आलो."

त्याने वरची ओंजळभर कुंकवाची वाळू काढून तुळशीत टाकली आणि खालची घाईत न चाचपताच पाइपात भरली. गुट्ट्या ठोकल्या. पाइप भट्टीत घातला. पाइप लाल झाला, उमाजीने वाकवायला घेतला, आणि वळण बरोबर येतंय का ते पाहायला व्यंकोजी तारेचा नमुना घेऊन पुढे वाकला. तेवढ्यात गुट्टी उडाली.

सगळी गल्ली धावून आली. व्यंकोजी तोंड धरून जमिनीवर पडला होता. गरम वाळू डोळ्यांत, तोंडात, कपाळभर. बसवंत नावाचा शेजारचा टांगेवाला, त्याने घोडा जुंपला आणि दोघांनी मिळून व्यंकोजीला टांग्यात घातलं. निघता निघता उमाजी चपला घालायला म्हणून मागे वळला, पण चपला राहिल्या बाजूला. तो डब्याशी गेला आणि त्याने वाळूत कोपरापर्यंत हात घातला. खाली गोळे झाले होते. ओलेगच्च, पिवळे, हळदीच्या पाण्याचे गोळे. कलश उचलताना पाणी सांडलं असणार, आणि पोरीने वरची वाळू हाताने सारखी केली असणार. तिला काय ठाऊक!

उमाजीने इकडेतिकडे पाहिलं. डबा उचलला आणि सगळी वाळू मोरीत ओतून वर घागरभर पाणी ओतलं. मग अनवाणीच टांग्यामागे धावला.

एक डोळा डॉक्टरांना काढावाच लागला. दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळेल, म्हणाले. तिसऱ्या दिवशी डेपोतले सोबती दवाखान्यात भेटायला आले होते. त्यांच्यात कुणीतरी म्हणालं, वाळू भाजलेली नसणार, दुसरं काय. चंद्राबाईने ते ऐकलं. व्यंकोजी पट्ट्या बांधून खाटेवर पडला होता आणि ती उमाजीसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, वाळू भाजली होती ना तुम्ही?"

उमाजीच्या जिभेवर खरं होतं. भाजली होती गं, आरसा धरून भाजली होती. पण ते म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं: मग ओली कशी झाली? तेवीस वर्षांची पोर. तिचं सगळं आयुष्य त्या आंधळ्या माणसाशेजारी काढायचं. रोज त्याला हात धरून न्यायचं, त्याला भरवायचं, आणि रोज मनात म्हणायचं, हे मी केलं, माझ्या पूजेने केलं. आणि चूक तिची एकटीची थोडीच होती? तीस वर्षं धंदा कोणी केला, तिने की आपण? हात कोणाचा धजला नाही?

"नाही," उमाजी म्हणाला. "विसरलो."

"विसरलात?" तिचा आवाज फुटला. "सणाच्या गडबडीत विसरलात? भाजी आणायची होती का ती, विसरायला? तुमच्या हाताखाली वाढला तो! तुम्हीच त्याचे डोळे घेतलेत, भावजी."

तो खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर ती वर्षभर त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

काय सांगावं त्या वर्षाचं! चंद्राबाई वाईट नव्हती, म्हणून तिने त्याला उपाशी ठेवलं नाही. दोन्ही वेळा त्याचं ताट मागच्या उंबऱ्यावर यायचं, झाकलेलं, गरम. पण ताट ठेवून ती वळायची. ज्या घरात तो कर्ता होता, त्या घराच्या स्वयंपाकघरात त्याने पुन्हा पाय ठेवला नाही. शेडमध्येच बाज टाकून राहू लागला. गल्लीतल्या बायकांची चेष्टाही थांबली. गिऱ्हाइकं कमी झाली, आणि जी आली ती काम सांगताना हळूच विचारायची, "वाळू भाजता ना, अण्णा?"

पण त्याला खरा चटका होता तो व्यंकोजीचा. व्यंकोजी रागावला नाही, ओरडला नाही. काठी टेकत शेडमध्ये यायचा, स्टुलावर बसायचा, "अण्णा, चहा घेतलास का?" म्हणायचा. बस. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर उमाजीला बरं वाटलं असतं. भावाला एकदा सांगावं, मी विसरलो नव्हतो रे व्यंकू, असं त्याच्या ओठांपर्यंत शंभरदा आलं असेल. शंभरदा त्याने ते गिळलं. भावाला कळलं म्हणजे तिला कळलंच. एका घरात अशी गोष्ट लपत नाही.

मॉरिस गोणपाटाखाली उभी होती. एक दिवस, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, व्यंकोजी स्टुलावरून उठला, चाचपडत गाडीपाशी गेला आणि गोणपाट ओढून काढलं.

"अण्णा, तिसरा पाइप राहिलाय."

"राहू दे."

"दोन दागिने घालून नवरी उभी केलीस आणि आता राहू दे म्हणतोस?"

"व्यंकू, माझ्याच्याने होणार नाही. मी वाळू हातात घेतली की हात कापतात."

"मला गाडी चालवता येणार नाही, ते कळतंय मला," व्यंकोजी म्हणाला. "पण ऐकता येईल की. एकदा ऐकव मला ती, अण्णा. दुसरं काही मागत नाही."

यावर नाही कसं म्हणायचं? उमाजीने नवी वाळू आणली. चाळली. सकाळी भाजली, आरसा धरला, लख्ख. दुपारी पुन्हा भाजली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा भाजली. पाइप भरला, गुट्ट्या ठोकल्या आणि म्हणाला, "तू घरात जा. भिंतीपलीकडे जा. त्याशिवाय मी भट्टी पेटवणार नाही."

"सरी, जातो," म्हणत व्यंकोजी गेला. भट्टी पेटली. पाइप लाल झाला. उमाजीने चिमटा लावला आणि त्याला खरंच सुधरेना. हात थरथरायला लागले, चिमटा पाइपावर वाजायला लागला. इतक्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. भिंतीपलीकडे गेलेला माणूस काठी न घेता, भट्टीच्या धगीचा अंदाज घेत परत आला होता.

"वाकव," व्यंकोजी म्हणाला.

"वेड्या, मागे हो!"

"वाकव, अण्णा. थंड होतोय."

उमाजीने वाकवला. तोंडाने देवीचं नाव घेत, डोळ्यांतून पाणी गळत, पण वाकवला. गुट्टी जागची हलली नाही. थंड झाल्यावर व्यंकोजीने तो पाइप बोटांनी तपासला, वरून, पोटातून, तोंडाच्या कडेने. सुरकुती नव्हती.

मग आठ दिवस वेल्डिंग. आता व्यंकोजीची बोटंच त्याचे डोळे होती. तिन्ही तोंडं इंजिनावर बसवून पाहिली की तो सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "मधलं तोंड केसभर वर आहे." उमाजी पट्टी लावून बघायचा, तर खरंच केसभर. कानस घ्यायची, घासायचं, पुन्हा बसवायचं. अष्टमीच्या दिवशी सकाळी टर्बो त्याच्या जागी बसला.

उमाजी स्टिअरिंगपाशी बसला. व्यंकोजी बॉनेटपाशी, एक हात मडगार्डवर. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. सुरुवातीला नुसती घरघर. उमाजीने पायाचा जोर वाढवला तसा त्या घरघरीतून एक बारीक शीळ वर चढू लागली, चढत चढत पत्र्याला भिडली. गुजरीतून आणलेलं ते जात्याचं भूत जिवंत झालं होतं. मॅनिफोल्ड तापून तांबूस व्हायला लागला. व्यंकोजी त्याच्यापासून वीतभर अंतरावर कान नेऊन ऐकत होता. एकाही सांध्यातून फुसफुस नव्हती.

आणि व्यंकोजी हसला. मोठ्याने, डोकं मागे टाकून, पूर्वीसारखा. वर्षभरात त्या घराने ते हसू ऐकलं नव्हतं. इंजिन बंद झालं तेव्हा उमाजीला दिसलं, मागच्या उंबऱ्यावर चंद्राबाई पिठाचे हात तसेच धरून उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि आत गेली.

नवमीला सकाळी ती शेडमध्ये आली. हातात पूजेचं ताट, मागच्या सालच्याच निगुतीने भरलेलं. उमाजीकडे न बघता तिने हत्यारं ओळीने मांडली. गाडीला केळीचे खांब बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली. मग कोपऱ्यातला वाळूचा डबा ओढला, झाकण काढलं, आणि पाण्याने भरलेला कलश दोन्ही हातांनी उचलला.

"नको!"

उमाजी एवढ्याने ओरडला की ती दचकली, कलशातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षात पहिल्यांदाच बघत होती.

"का?" ती म्हणाली. "गेल्या साली इथंच मांडला होता. उलट यंदा आधी वाळूचीच पूजा करणार आहे मी. तिनेच घात केला, तिलाच शांत करायचं."

उमाजीने पुढे होऊन डब्याच्या काठावर हात ठेवला. तिच्या कपाळावर बारीकशी आठी पडू लागली होती. वर्षभर सांभाळलेलं एका ओरडण्याने घालवलं मी, असं त्याला झालं.

"अगं, मीच सांगितलंय अण्णाला," स्टुलावरून व्यंकोजी बोलला. आवाज अगदी सहज. "उद्या मुहूर्तावर दुसरं काम धरायचंय, वाळू लागणार. भाजून ठेवलीय ती, उघडी नको राहायला. त्यात आता अण्णा वाळूच्या बाबतीत किती धास्तावलाय, बघतेस ना. तू कलश तांदळावर मांड. इथल्या घरांत तांदळावरच मांडतात."

"असं होय," ती म्हणाली. आठी विरली. "आधी सांगायचं की. तांदूळ आणते." आणि ती घरात गेली.

उमाजीने डब्याचं झाकण लावलं.

"अण्णा."

"काय रे?"

"त्या दिवशी वाळू माझ्या तोंडातही गेली होती."

उमाजीचा हात झाकणावरच राहिला.

"कापूर लागला जिभेला," व्यंकोजी म्हणाला. "कापूर आणि हळद. डोळ्यांत आग चालली होती, पण चव अजून तोंडात आहे."

"म्हणजे तुला..."

"त्याच दिवसापासून. आणि दवाखान्यात तू विसरलो म्हणालास तेही ऐकलं. पट्टी डोळ्यांवर होती, कानांवर नव्हती."

"मग वर्षभर बोलला का नाहीस, व्यंकू?" उमाजी त्याच्याजवळ आला.

"काय बोलू? तू तिला वाचवलंस, मी बोललो असतो तर ती खचून गेली असती. रोज तुझं ताट उंबऱ्यावर वाजायचं आणि मी आत जेवत असायचो. घास उतरायचा नाही. तरी गप्प बसलो. मी तिला राखलं, अण्णा, आणि तुला बाहेर बसवलं. मला माफ कर म्हणायचंही तोंड नाही."

"गप रे," उमाजी म्हणाला. त्याने भावाचं डोकं छातीशी धरलं, सात वर्षांचा होता तेव्हा धरायचा तसं. "बरोबर केलंस तू. अगदी बरोबर केलंस."

पावलं वाजली तसे दोघं बाजूला झाले. चंद्राबाईने तांदळावर कलश मांडला, तिन्ही पाइपांना कुंकू लावलं, कापूर पेटवला. कापराचा वास शेडभर झाला तेव्हा व्यंकोजीने तोंड भिंतीकडे वळवलं. आरती झाली. मग ती उमाजीसमोर आली, पानाचा विडा त्याच्या पुढे ठेवला आणि खाली वाकून तिने त्याला नमस्कार केला.

"भावजी," ती म्हणाली, आणि आधी तिला हुंदकाच आला. "काल ते हसले. तुमच्यामुळं हसले. वर्षभर मी तुम्हाला मनातल्या मनात फार वाईट बोलले. आता नाही बोलणार. माणसाच्या हातून चूक होते. तुम्हाला मी माफ केलं, भावजी. मनापासून केलं."

व्यंकोजीच्या हातातली काठी जमिनीवर पडली. तो काही बोलायच्या आतच उमाजीने विडा उचलून कपाळाला लावला.

"तुझे उपकार झाले, बाई," तो म्हणाला. "फार मोठी चूक होती माझी."

"झालं गेलं. आता चला, ताट आत मांडलंय. तिघांची एकत्र मांडलीत."

उमाजी उंबरा ओलांडून आत गेला. वर्षभराने त्याने ते स्वयंपाकघर पाहिलं. अनुसूयेच्या हातची फळी, तेच डबे, तीच खिडकी. चंद्राबाईने पानावर पुरणाची होळिगे वाढली, वर सढळ हाताने तूप घातलं आणि म्हणाली, "खा की, भावजी. आता माझ्या मनात काही नाही." शेजारी बसलेल्या व्यंकोजीचा हात चाचपडत आला, उमाजीच्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच घट्ट राहिला. उमाजीने मान खाली घातली आणि पहिला घास घेतला.